आयता कामगार

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायला घेतला की आधी कारखान्यांची नावे येतात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात बजाज, बजाज टेम्पो आणि टेल्को (आजची टाटा मोटर्स), १९६२ साली एमआयडीसी, १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका. जमीन, पाणी, वीज आणि मुंबई-पुणे रस्ता यांचा हिशेब या इतिहासात नेटका मांडलेला असतो. यंत्रांसमोर उभे राहणारे हात कुठून आले आणि ते कुणाच्या खर्चाने तयार झाले, हा प्रश्न मात्र कामगार चळवळीच्या प्रकरणावर ढकलला जातो. जणू संपावर जाईपर्यंत कामगार इतिहासात नसतोच. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याची सत्तर वर्षे त्या प्रश्नाच्या अंगाने वाचली तर दोन कालखंड दिसतात. पहिल्यात उद्योगाने आणि सरकारने कामगार घडवण्याचा काही भार उचलला. दुसऱ्यात कामगार आयता मिळू लागला आणि तो भार दुसऱ्यांच्या गळ्यात पडला. चाकणच्या भरभराटीचे मोल ठरवताना हा भार हिशेबात धरला नाही, तर तो हिशेब अर्धाच राहतो.

कामगार घडवण्याचा खर्च कुणाला तरी भरावाच लागतो, हा नियम सर्वांत उघडपणे दिसतो तो तगून राहत नगर वसवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये. २०१४ साली आलेल्या ‘बॅनिश्ड’मध्ये पैसा नाहीच, खरी पुंजी म्हणजे काम करणारी माणसे. तरुण जोडप्याला स्वतंत्र घर मिळाले तरच संसार उभा राहतो आणि मुले होतात. घरे बांधायची राहिली तर वीसेक वर्षांनी गाव म्हातारे होते आणि शेतात उतरायला कुणी उरत नाही. शाळा बांधली तर मुले उशिरा कामाला लागतात, पण पुढे जास्त पिकवतात. नाही बांधली तर हात लगेच मिळतात आणि उत्पादन कायम कमी राहते. यातून सुटायची एक पळवाट गेममध्येच आहे. बाहेरून भटक्यांची टोळी येते आणि तिला गावात घेतले की तयार, प्रौढ माणसे एका क्षणात मिळतात. पण ती अशिक्षित असतात, कधी रोग आणतात आणि कोठारातले धान्य त्याच दिवसापासून कमी होऊ लागते. ‘फ्रॉस्टपंक’ या २०१८ सालच्या गेममध्ये मुलांना कामाला जुंपण्याचा किंवा सलग चोवीस तासांची पाळी लावण्याचा हुकूम काढता येतो. कोळसा वाढतो आणि त्याबरोबर लोकांचा असंतोषही. दोन्ही गेममध्ये कामगार वाढवण्याचा खर्च चुकत नाही, कारण तो ढकलायला नगराबाहेर कुणीच नसते. खऱ्या शहराला मात्र बाहेरची बाजू असते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या इतिहासातला कळीचा मुद्दा तोच आहे.

पहिल्या कालखंडाचा पुरावा पिंपरीतच मिळतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी जिथे वसली, त्याच परिसरात सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा (एचए) पेनिसिलिनचा कारखाना काढला. कारखान्यासोबत वसाहत आली आणि शाळाही. एचए कॉलनी आणि एचए स्कूल ही नावे शहराच्या बोलण्यात आजही आहेत. टेल्कोचे उदाहरण याहून बोलके. कंपनीने १९६६ मध्ये इथे पाय रोवले, पण पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. मधल्या वर्षांत कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी यंत्रे आणि अवजारे घडवणारे विभाग उभे केले आणि शिकाऊ कामगार तयार करण्यावर जोर दिला. गाडीआधी गाडी बनवणारी यंत्रे आणि यंत्रांबरोबर ती चालवणारी माणसे, असा तो क्रम होता. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने ठरावीक व्यवसायांत शिकाऊ उमेदवार घेणे कारखान्यांवर बंधनकारक केले, त्याचा आधारही या क्रमाला होता. सरकारने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केले. औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे मिळावीत, हा त्यामागचा एक प्रमुख उद्देश. त्याच वर्षाच्या भीषण दुष्काळाने ग्रामीण महाराष्ट्रातली माणसे गावाबाहेर पडली. हे शहर अशा माणसांना सामावून घेऊ पाहत होते.

यावर पहिला आक्षेप असा की हा सुवर्णकाळ मागे वळून पाहताना रंगवलेला आहे. आक्षेपात तथ्य आहे. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर प्राधिकरण उभे राहिले, त्यांना परताव्याच्या साडेबारा टक्के जमिनीसाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. प्राधिकरणाचे भूखंड हळूहळू मध्यमवर्गाचे झाले आणि कारखान्यांच्या भिंतींना लागून झोपडपट्ट्या वाढल्या. परमनंट कामगारांच्या शेजारी टेम्पररीही तेव्हापासूनच होता. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरले की हंगामी कामगाराचा कायमपणावर हक्क येत असे. म्हणून सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची युक्ती या पट्ट्यात रूढ झाली. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रात्रीच्या वेळी उचलले. मालक आणि कामगार यांच्यातला तो गोडवा नव्हे. तरीही आक्षेपाने मुद्दा मोडत नाही. त्या काळी मालक आणि कामगार ज्यासाठी भांडत होते ती गोष्ट दोघांनाही मोलाची वाटत होती. ज्याला शिकवण्यात कंपनीची वर्षे गेली, त्याला सहज बदलता येत नाही. त्याची संघटना म्हणूनच जड जाते आणि म्हणूनच तिच्याशी करार करावा लागतो.

दुसरा कालखंड चाकणचा. कांद्याची बाजारपेठ आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग एवढीच ज्या गावाची ओळख होती, तिथे १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि दहा-अकरा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा आले. २००७ च्या सप्टेंबरात बजाजने आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन थांबवले, तेव्हा या पट्ट्याचा गुरुत्वमध्य सरकल्याची खूण पटली. चाकणने कारखाने घेतले, पण वसाहती घेतल्या नाहीत. तिथे पिंपरीसारखे नवनगर प्राधिकरण झाले नाही, आणि खुद्द चाकणला नगरपरिषद मिळाली २०१५ मध्ये, म्हणजे मोठे कारखाने सुरू होऊन गेल्यावर. आसपासच्या निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या ग्रामपंचायती हजारो खोल्यांचा कचरा आणि सांडपाणी सांभाळत होत्या. घरे बांधली ती गावकऱ्यांनी: जमीन विकून आलेल्या पैशांतून भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी मुले मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून आली. शिकवण्याचे कामही बदलले. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) ‘नीम’ योजना आणली, तिच्यात प्रशिक्षणार्थी हा कर्मचारीच नव्हता. ठेकेदाराचा कामगार, नीमचा प्रशिक्षणार्थी आणि मोजके कायम कामगार एकाच लाइनवर उभे राहिले.

या व्यवस्थेच्या बाजूने उद्योग एक ठाम युक्तिवाद करतो. वाहन उद्योगाची मागणी चढउताराची असते. २०१९ च्या मंदीत उत्पादन कापावे लागले, आणि कायम मनुष्यबळाचा भार असता तर कंपन्या चाकणला न येता दुसऱ्या राज्यात गेल्या असत्या. लवचीक कामगारामुळेच हजारो तरुणांना रोजगार मिळाला. यातला रोजगाराचा भाग खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण लवचीकता म्हणजे चढउतार नाहीसा होणे नव्हे. तो फक्त दुसऱ्याच्या घरात शिरतो. मंदीत लाइन थांबली की कंपनीचा खर्च घटतो, खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे घटत नाहीत. त्या मुलाला वाढवण्याचा आणि आयटीआयपर्यंत शिकवण्याचा खर्च बीड किंवा गोरखपूर जिल्ह्यातल्या एखाद्या कुटुंबाने आधीच केलेला असतो. बेकारीच्या महिन्यांतही त्याला तेच पोसते. पाण्याच्या बाबतीतही हेच घडले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवड शहराला नेण्याविरुद्ध मावळात आंदोलन झाले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. या शहराच्या वाढीचा खर्च शहराबाहेर कसा पडतो, याचा याहून कठोर दाखला नाही.

दुसरा युक्तिवाद स्थानिकांचा: आयता कामगार परप्रांतातून येतो म्हणून भूमिपुत्र मागे पडतो, तेव्हा ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात. सरकारचे धोरणही तसे सांगते. पण प्रश्न कामगार कुठला आहे हा नाही, त्याला कुणी घडवले हा आहे. खेड तालुक्यातला मुलगा सात महिन्यांच्या ठेक्यावर घेतला तर त्याचेही नशीब झारखंडच्या मुलासारखेच. शिवाय पिंपरी-चिंचवड हे शहर वाढले ते बाहेरच्यांमुळेच. जनगणनेनुसार १९८१ मध्ये शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती आणि २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. तीस वर्षांत अशी सातपट नैसर्गिक वाढीने होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे सर्वांच्या डोळ्यांसमोर उघड झाले. कामगार गावी गेले आणि मे महिन्यात कारखाने उघडू लागले तेव्हा यंत्रे होती, मागणी परतू लागली होती, हात अपुरे होते. वर्षानुवर्षे हिशेबाबाहेर ठेवलेली गावे तेव्हा एकदम हिशेबात आली, कारण आजारपणाच्या आणि उपासमारीच्या भीतीत कामगारांनी आधार शोधला तो तिथेच.

म्हणून चाकणची तुलना पिंपरीशी करताना कुठल्या काळात नोकऱ्या जास्त निर्माण झाल्या एवढे मोजून भागत नाही. पहिल्या कालखंडाने कामगार घडवण्याचा काही खर्च कंपनी, सरकार आणि शहर यांच्या ताळेबंदात ठेवला; तो अपुरा होता, पण दिसत होता, म्हणून त्यावर भांडता येत होते. दुसऱ्याने तो दिसेनासा केला. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली राज्य मोठ्या प्रकल्पांना सवलती देते, त्या मुख्यतः गुंतवणुकीच्या रुपयांवर मोजून. त्या सवलतींच्या करारात कामगारांच्या घरांचा, शिकाऊ उमेदवारांच्या ठरावीक जागांचा आणि २४० दिवसांनंतरच्या हक्काचा रकाना घातला, तर उद्योग पळून जाईल ही भीती पोकळ नाही. पण ती तपासण्याजोगी आहे, कारण चाकणला बंदर, महामार्ग, सुटे भाग पुरवणारे हजारो लघुउद्योग आणि कुशल अभियंते जवळ आहेत, आणि ते सहज कुठेही हलवता येत नाहीत. टेल्कोने पहिल्या गाडीआधी अकरा वर्षे थांबण्याची किंमत मोजली. पुढे या पट्ट्यात जो उद्योग उभा राहिला, त्याच्या कौशल्याचे भांडवल बरेचसे त्या अकरा वर्षांतले आहे, आणि ते पुन्हा भरण्याची जबाबदारी आज कुठल्याच करारात लिहिलेली नाही.