चाकोरी-चाचणी (डांबरी रस्त्यांची)

जड वाहनांची चाके एकाच पट्ट्यातून पुन्हापुन्हा गेल्याने डांबरी रस्त्यावर जी लांबट पन्हळ पडते ती चाकोरी. किती भाराने, किती तापमानाला आणि किती वेगाने ती पडते हे ताडून पाहण्याच्या पद्धती म्हणजे चाकोरी-चाचणी. शब्द बैलगाडीच्या काळातला आहे. अभियंते आज 'रटिंग' म्हणतात. गावात 'रस्ता दबला' एवढे पुरते.

रस्त्यावरचे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिट्युमेन. थंडीत ते घट्ट असते, उन्हात सैल होते. हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस असेल त्या दुपारी काळ्या पृष्ठभागाखाली २ सेंटीमीटरवर ते ६० अंशांच्या वर जाऊ शकते. म्हणूनच भारतीय मानकात व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराची श्यानता ६० अंशांनाच मोजतात. ती २,४०० ते ३,६०० पॉइज असावी लागते. भार जितका जास्त वेळ टेकून राहील तितके गरम डांबर अधिक सरकते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या चाकापेक्षा ताशी ५ किलोमीटरने रांगणारे चाक एका जागेवर १२ पट वेळ टेकलेले असते. त्यामुळे चाकोऱ्या आधी दिसतात त्या घाटाच्या चढावर, गतिरोधकापाशी आणि वजनकाट्याच्या रांगेत.

आंबेगाव तालुक्यातील पारगाव हे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. येथील दत्तात्रयनगरात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गाळप हंगामात उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अशा कारखान्याकडे भरून येतात आणि रिकामे परततात. म्हणून जाण्याची बाजू आणि येण्याची बाजू सारखी झिजत नाही. हंगामाचा बराच काळ थंडीचा असला तरी त्याचे शेपूट उन्हाळ्यात शिरते. पुढे मंचरचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो पुणे-नाशिक महामार्गावर येतो, तो ऐन तापत्या दिवसांत. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते, ही अभ्यासाला मोठीच सोय. मात्र काटा साधारणतः गाडीचे एकूण वजन सांगतो आणि रस्त्याला जाणवतो तो एकेका आसाचा भार.

या भाराचे गणित अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा येथे १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून आले. तेथे खास बांधलेल्या वळशांवर ट्रक फिरवले गेले आणि नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असे दिसले. भारतात २०१८ साली चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार सुमारे १३ टक्के वाढला. चौथ्या घाताने नुकसान मात्र ६० टक्क्यांहून अधिक वाढते. वरच्या थराच्या चाकोरीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तेथे आसाच्या भाराइतकाच टायरमधील हवेचा दाबही महत्त्वाचा असतो.

प्रयोगशाळेत सर्वांत रूढ असलेली मार्शल चाचणी ६० अंशांच्या पाण्यातून काढलेल्या गोल नमुन्यावर एकदाच भार देते आणि काही सेकंदांत संपते. खडी-डांबराचे मिश्रण ठरवायला ती उपयोगी आहे, पण हजारो चाकांचा मारा तिला कळत नाही, आणि केवळ तिच्या आकड्यावर विसंबून रस्ता उत्तीर्ण ठरवणे मला चुकीचे वाटते. चाकोरीसाठी चाक-चाचणीच हवी. हॅम्बुर्ग पद्धतीत ५० अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या लादीवरून ७०५ न्यूटन भाराचे पोलादी चाक २०,००० वेळा फिरवून खोली मोजतात. पूर्ण आकाराच्या रस्त्यावर खरा टायर फिरवून वर्षांची झीज काही आठवड्यांत घडवणारे यंत्र दक्षिण आफ्रिकेत १९७०च्या दशकात विकसित झाले. अशी वेगवान चाचणीची सोय दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत आहे.

चालू रस्त्याची लवचिकता बेंकलमन दांडीने मोजता येते. ट्रकच्या मागच्या आसावर ८,१७० किलो भार ठेवून जोडटायरांच्या फटीत दांडीचे टोक घालतात, ट्रक पुढे नेतात आणि रस्ता किती वर उसळला ते घड्याळकाट्यावर वाचतात. डांबरात ४ सेंटीमीटर खोल भोक पाडून, त्यात ग्लिसरीन ओतून तापमान घेतात आणि माप ३५ अंशांशी जुळवतात. ही पद्धत पायाचा कमकुवतपणा दाखवते. गरम डांबराचे सरकणे तिच्यात पकडले जात नाही. त्यासाठी ३ मीटरची सरळ पट्टी आडवी टाकून खोली मोजावी लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आराखडा-नियमांत २० मिलिमीटर चाकोरी म्हणजे रस्ता निकामी झाल्याची खूण मानली आहे.

खोली कळल्यावर दोष कोणत्या थराचा हे पाहायचे राहते. चाकोरीच्या दोन्ही कडांना उंचवटा आला असेल तर डांबरी मिश्रणच कडेला सरकले आहे असे समजतात: डांबर जास्त किंवा मऊ, खडी गुळगुळीत, अथवा मिश्रणातील पोकळी फारच कमी. उंचवटा नसेल तर वाहनांनी थर दाबून बसवला असेल किंवा खालची माती खचली असेल. शंका उरली तर रस्ता आडवा कापून चर खणतात आणि प्रत्येक थराची रेघ पाहतात. फक्त वरची रेघ वाकलेली असेल तर तेवढा थर खरवडून नवा टाकता येतो. मुरमाखालची रेघही वाकलेली असेल तर पायापासून रस्ता उकरावा लागतो.