वडील २००५ च्या आधी वारले, तरी लेकीला वाटा मिळतो का? कोर्टाने कायदा कसा वाचला, जाणून घ्या

सावर्डे (ता. चिपळूण) : वडिलोपार्जित जमिनीचं वाटप निघालं, की "वडील २००५ च्या आधी गेले, आता बहिणींचा संबंध नाही" असं अजूनही सांगितलं जातं. एकेकाळी सुप्रीम कोर्टाच्याच एका निकालाचा याला आधार होता. आज तो राहिलेला नाही. कलम तेच आहे, पण कोर्टाने लावलेला त्याचा अर्थ बदलला.

कायदा काय म्हणतो?
महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पुढे केंद्राने हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ बदललं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्मापासून वाटेकरी ठरली. लग्नाची अट गेली.

एकच कलम, दोन उत्तरं
प्रश्न उरला तो वडिलांचा. २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, की दुरुस्ती मागच्या काळाला लागू नाही. त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात हवेत. २०१८ मध्ये दानम्मा खटल्यात वडील २००१ मध्ये वारले होते, तरी दोनच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या खंडपीठाने मुलींना वाटा दिला. दोन्ही खंडपीठं सारखीच, मग खालच्या कोर्टांनी मानायचं कोणाचं?

मोठ्या खंडपीठाचा निकाल
म्हणून प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा खटल्यात निकाल लागला. कोर्टाने कलमातल्या 'जन्माने' या शब्दावर बोट ठेवलं. हक्क जन्माने मिळतो, तर त्या दिवशी वडील हयात होते की नाही, हे पाहायची गरज नाही. प्रकाश खटल्यातला अर्थ रद्द झाला. घटनेच्या कलम १४१ नुसार सुप्रीम कोर्टाने ठरवलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो. चिपळूणच्या दिवाणी कोर्टालाही तो पाळावा लागतो.

तोंडी वाटपाचं काय?
२० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री, वाटप किंवा मृत्युपत्राने दिलेली मिळकत या कायद्याने उकरता येत नाही. मात्र ते वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. "भावाभावांत तोंडी वाटप कधीच झालं" एवढं म्हणून भागत नाही. सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल, तरच अपवाद म्हणून कोर्ट ते मानू शकतं.

निकाल सगळ्यांना लागू होतो का?
नाही. आधीचा निकाल लावताना कोर्ट हातातल्या प्रकरणातली हकीकत आणि तारखा पाहतं. वडील १९५२ मध्ये वारलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलीचा दावा नाकारला, कारण हिंदू वारसा कायदाच १९५६ चा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याला दिली असेल, तर तिथेही हा निकाल कामी येत नाही.

आधी हे तपासा
• जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? जुने सातबारे आणि फेरफार काढा.
• वडील कोणत्या साली वारले?
• वाटप झालं असेल, तर दस्त नोंदणीकृत आहे का, आणि कोणत्या तारखेचा?
• सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क जात नाही. ती महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी कोर्ट ठरवतं.
• हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. नोंदणी झाल्यावर ते रद्द करणं कठीण जातं.

कोर्टात जायची वेळ आलीच, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.