टर्मिनलवरील ईमेल प्रोग्राम : अनेक प्रणालींसाठी निवड

केवळ अक्षरांच्या पडद्यावर, माउसला हात न लावता ईमेल वाचण्या-लिहिण्याचे साधन म्हणजे टर्मिनलवरील ईमेल प्रोग्राम. १९८६ चा एल्म, त्यानंतरचा पाइन, १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला मट आणि पाइनचा वारस अल्पाइन ही यातली ठळक नावे. कचेरीत विंडोज, घरी लिनक्स आणि पिशवीत मॅक असा ज्याचा संसार आहे, तो पहिल्यांदा विचारतो, ‘सगळीकडे चालेल असा प्रोग्राम कोणता?’ हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला आहे. प्रोग्राम तिन्ही ठिकाणी चालला, पण पत्रे एका यंत्रात आणि पत्ते दुसऱ्यात राहिले, तर हाती काहीच लागत नाही. म्हणून पत्रे आणि मांडणी राहतात कुठे, हे आधी पाहावे. प्रोग्रामचे नाव मग आपोआप पुढे येते.

पत्रे यंत्रावरच साठवली की अडचण कुठवर जाते, याचा नमुना मेलडिर या साठवण-पद्धतीत दिसतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हरसाठी आखलेल्या या पद्धतीत प्रत्येक पत्र ही वेगळी फाइल असते. पत्र वाचले, उत्तर दिले या खुणाही फाइलच्या नावातच लिहितात. नावाच्या शेवटी कोलन, मग दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि वाचलेल्या पत्राला एस, उत्तर दिलेल्याला आर. युनिक्सला यात काही वावगे वाटत नाही. विंडोजला मात्र फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे लिनक्सवरून जशीच्या तशी उचलून नेलेली पेटी तिथे नावांपाशीच अडते. दोष पद्धतीचा नाही. ती या प्रवासासाठी आखलेलीच नव्हती. प्रवासासाठी आखला तो आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मांडलेल्या या संकेतात पत्रेही सर्व्हरवर आणि खुणाही सर्व्हरवर राहतात. समोरचे यंत्र ही नुसती खिडकी असते.

पाइन आणि अल्पाइन यांचे पारडे इथे जड होते. पाइनची सुरुवात १९८९ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, ती प्रशासकीय कर्मचाऱ्यांना सहज वापरता यावा म्हणून. अल्पाइनच्या पडद्याच्या तळाशी दोन ओळींत त्या क्षणी चालणाऱ्या आज्ञा अजूनही छापलेल्या दिसतात, ती त्याचीच खूण. स्टॅनफर्डनंतर क्रिस्पिनही याच विद्यापीठात होते, त्यामुळे आयमॅप या प्रोग्रामच्या हाडीमाशी आहे. त्याची मांडणीची फाइल आणि पत्त्यांची वही आयमॅपच्या पेटीतच ठेवता येते. नव्या यंत्रावर ती पेटी दाखवली की जुने घर जसेच्या तसे उभे राहते. लिहिण्यासाठी पिको संपादक सोबतच येतो, एचटीएमएल पत्राचे साधे अक्षररूप अल्पाइन स्वतः करतो, आणि विंडोजसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे. अल्पाइन अपाचे परवान्याखाली आल्यामुळे पाइनच्या परवान्याची जुनी कटकटही मिटली.

मटचे पाठीराखे यावर म्हणतील की विंडोजमध्ये आता लिनक्सची उपप्रणाली असताना मट तिथेही चालतो. चालतो, पण तो विंडोजच्या पोटातल्या लिनक्सवर चालतो. मटची ताकद शेजाऱ्यांवर उभी आहे : लिहायला विम, एचटीएमएल दाखवायला डब्ल्यूथ्रीएम, जोडपत्रे उघडायला मेलकॅपची फाइल. हे शेजारी प्रत्येक यंत्रावर वसवावे लागतात. कायम युनिक्सच्या वाड्यातच राहणाऱ्याला मट अधिक लवचीक वाटेल, आणि ते खरेही आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : एकाच सर्व्हरवर मट ठेवून कुठूनही एसएसएचने तिथे शिरावे, मग समोरची प्रणाली कोणतीही असो. पत्रे वाचण्यापुरते हे उत्तर पक्के आहे. जोडपत्र मात्र त्या दूरच्या यंत्रावर उतरते आणि तिथून पुन्हा ओढून आणावे लागते. ब्राउझरमधले ईमेल सगळीकडे असतेच, हा तिसरा आक्षेप. बहुतेकांना ते पुरतेही. पण लिनक्स कर्नलसाठी पॅच पाठवणाऱ्यांना प्रकल्पाचे दस्तऐवज जीमेलचे वेबपान टाळायला सांगतात, कारण ते टॅबच्या जागा बदलते आणि ओळी मोडते.

मराठी पत्रव्यवहार असेल तर आणखी एक पारख करावी लागते, आणि तिथे अल्पाइनचे पारडेही डळमळते. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला चौकटीतले ठरावीक घर देते. ‘क्ष’ साठवला जातो तीन चिन्हांत, क, हलन्त आणि ष. ‘कि’मधली वेलांटी साठवताना क नंतर येते आणि दिसते मात्र आधी. अशा जोडीला किती घरे द्यायची, याचा हिशेब प्रोग्राम आणि टर्मिनल दोघे वेगवेगळा करतात, आणि विषयांच्या यादीतले रकाने तिरके होतात. यात प्रोग्राम बदलून फारसे साधत नाही. आधी टर्मिनल तपासावे. याला बगल देणारा एक पर्याय आहे, ईमॅक्स या संपादकातला ईमेल प्रोग्राम नस (Gnus). तो आयमॅप जाणतो, तिन्ही प्रणालींवर चालतो, आणि ईमॅक्सच्या चित्रमय खिडकीत जोडाक्षरे नीट जुळतात, कारण तिथे घरांची चौकट पाळावी लागत नाही. त्यासाठी पूर्ण ईमॅक्स शिकावा लागतो, ही किंमत मोठी आहे. ज्याच्या टपालात मराठी क्वचित येते त्याने ती मोजू नये, अल्पाइन घ्यावा. ज्याचे निम्मे टपाल मराठीत आहे, त्याला ती महाग पडणार नाही.