काचेची तार आणि दाव्याचं एक वाक्य

रस्त्याच्या कडेला चर खणून काळा पाइप पुरला आणि ग्रामपंचायतीत इंटरनेट आलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय. त्या पाइपात काचेची तार असते, केसासारखी बारीक, आणि तिच्यातून प्रकाश धावतो. आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली पेटंटचा विषय वरचेवर निघतो. मसाल्याचं पेटंट घेता येईल का, चुलीचं घेता येईल का, असं बायका विचारतात. म्हणून आम्ही समन्वयक मैत्रिणींनी ठरवलं की या काचेच्या तारेच्या पेटंटचा इतिहास आज सांगायचा. मसाल्याशी त्याचा संबंध नाही, पण पेटंट म्हणजे नेमकं काय तपासतात हे त्यातून फार चांगलं कळतं.

पेटंट म्हटलं की आपल्याला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या आपल्या संस्थेने जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. प्रश्न एकच होता: यात नवीन काय? हळदीच्या बाबतीत तुम्ही-आम्हीही उत्तर दिलं असतं. काचेच्या तारेच्या बाबतीत ते इतकं सोपं नव्हतं.

आधी तार कशी चालते ते बघू. मध्ये गाभा आणि त्यावर साल, दोन्ही काचेचंच. गाभ्याच्या काचेत प्रकाश थोडा जास्त मंदावतो, सालीच्या काचेत थोडा कमी. याच्या मापाला अपवर्तनांक म्हणतात. गाभ्याचा अपवर्तनांक सालीपेक्षा जास्त असला की आत शिरलेला प्रकाश सालीवर आपटून पुन्हा आत वळतो आणि तारेतून पुढे पुढे जातो. हे गुपित नव्हतं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं, ते १९५४ मध्ये छापूनही आलं. पोटात नळी घालून डॉक्टर बघतात, त्या कामाला असे तंतू लागले. पण एक-दोन मीटरपुरतेच. त्या काळच्या काचेतून वीस मीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरायचा. गावाहून गावाला निरोप कसा जाणार?

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये एक लेख छापला. काचेत प्रकाश मरतो तो मुख्यतः तिच्यातल्या मळामुळे, लोखंडासारख्या धातूंच्या अंशामुळे, असं त्यांनी मांडलं. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग जरी उरला, तरी टेलिफोनला ही तार वापरता येईल, असाही हिशोब दिला. मग जो तो काच स्वच्छ करण्याच्या मागे लागला.

अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी सुरुवातच सर्वांत निर्मळ काचेपासून केली. ती म्हणजे वितळवलेली सिलिका, वाळूतलीच, पण निखळ. तिच्या दोन अडचणी होत्या. एक तर ती वितळवायला प्रचंड तापमान लागतं. दुसरी म्हणजे तिचा अपवर्तनांक बाकी बहुतेक काचांपेक्षा कमी. म्हणजे ती साल म्हणून शोभेल, पण गाभा म्हणून कशी घालायची? मॉरर यांचं उत्तर होतं, गाभ्यालाही सिलिकाच घ्यायची आणि तिच्यात मुद्दाम थोडी भेसळ करायची. या भेसळीला डोपिंग म्हणतात. बाकीचे काचेतला मळ काढत होते, आणि हे निर्मळ काचेत दुसरा पदार्थ घालत होते! पीटर शुल्ट्झ आणि डोनाल्ड केक यांनी त्यांच्याबरोबर काम केलं. सिलिकॉन आणि टायटॅनियमच्या संयुगांची वाफ ज्योतीत सोडायची, तिची पांढरी बारीक काजळी सिलिकाच्या नळीत आतून बसवायची, मग ती भाजून एकजीव काच करायची आणि नळी तापवून ओढत ओढत तार काढायची.

११ मे १९७० रोजी कंपनीने दोन अर्ज दाखल केले. मॉरर आणि शुल्ट्झ यांच्या नावाने तारेचा, केक आणि शुल्ट्झ यांच्या नावाने ती बनवण्याच्या रीतीचा. तारीख लक्षात ठेवा. ज्या मोजणीने जगाचं लक्ष वेधलं ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये झाली. एक किलोमीटरनंतर शंभरातले दोन भाग प्रकाश उरेल, इतकी चांगली तार निघाली. गाजावाजा नंतर झाला, कागद आधी गेला होता.

आता परीक्षकाचं काम. पेटंट कार्यालयातला परीक्षक वस्तू किती छान आहे हे बघत नाही. तो जुनी पेटंटं आणि छापील लेख काढून बसतो आणि विचारतो: हे नवं आहे का, उपयोगी आहे का, आणि त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचलं असतं का? ज्वारीच्या पिठात थोडी नाचणी घातली, तर त्याला आपण शोध म्हणणार नाही, कारण ते कुणालाही सुचेल. इथेच खरी गाठ होती. गाभा आणि साल असलेला काचतंतू जुना. वाफेपासून सिलिका करण्याची रीत कॉर्निंगच्याच फ्रँकलिन हाइड यांची, १९३४ सालच्या अर्जातली. आणि टायटॅनियम मिसळलेली सिलिका? तिचंही पेटंट याच कंपनीच्या मार्टिन नॉर्डबर्ग यांना १९४३ मध्ये मिळालेलं, उष्णतेने कमी फुगणारी काच म्हणून. म्हणजे सगळं सामान आधीच मांडणीत होतं.

नवं होतं ते जुळणीत. प्रकाश दूर नेण्यासाठी गाभा आणि साल दोन्ही सिलिकाचे करावेत, आणि फक्त भेसळीच्या कमी-जास्त प्रमाणाने दोघांत फरक पाडावा, असं आधी कुणी केलेलं नव्हतं. धंद्यातला जाणता माणूस तर त्या वेळी भेसळीपासून लांब पळत होता. तारेचं पेटंट २ मे १९७२ रोजी मिळालं, क्रमांक ३६५९९१५. रीतीचं १६ जानेवारी १९७३ रोजी.

पेटंटमध्ये वर्णन पानोपानी असतं, पण मालकी ठरते ती शेवटी दिलेल्या दाव्यांवरून. इथला मुख्य दावा एकाच लांबलचक वाक्याचा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर, साल शुद्ध सिलिकाची किंवा भेसळ केलेल्या सिलिकाची. गाभा सिलिकाचाच, पण त्यात सालीपेक्षा जास्त भेसळ, म्हणजे त्याचा अपवर्तनांक जास्त. आणि गाभ्यात वजनाने निदान ८५ टक्के सिलिका, भेसळ १५ टक्क्यांपर्यंत. यात टायटॅनियमचं नाव नाही, हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. कारण टायटॅनियमची तार ठिसूळ निघाली. १९७२ मध्येच कंपनीने जर्मेनियम घालून तार केली, तिच्यात किलोमीटरमागे शंभरातले चाळीस भाग उरत होते. दाव्यात टायटॅनियम लिहिलं असतं, तर स्वतःचीच चांगली तार कुंपणाबाहेर गेली असती.

पैसा मात्र लगेच आला नाही. मोठी मागणी १९८० नंतरच सुरू झाली. तोवर हातात होते ते हे कागद. १९७६ मध्ये कॉर्निंगने आयटीटी कंपनीवर दावा लावला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. काओ ज्या इंग्लिश प्रयोगशाळेत होते ती आयटीटीचीच. ज्यांच्या माणसाने वाट दाखवली, त्यांनाच तारेसाठी तडजोड करावी लागली. ऐकून वाईट वाटतं, पण अशी तार व्हायला हवी हे सांगणं वेगळं आणि ती कशाची करायची हे लिहून देणं वेगळं, असं कायदा धरतो.

सर्वांत चुरशीचा खटला जपानच्या सुमितोमो कंपनीशी झाला. त्यांच्या एका तारेत गाभा शुद्ध सिलिकाचा होता. भेसळ होती सालीत, फ्लोरिनची, आणि फ्लोरिनने अपवर्तनांक कमी होतो. दाव्यात तर स्पष्ट लिहिलंय की भेसळ गाभ्यात हवी. मग आमच्या गाभ्यात भेसळच नाही, आम्ही दोषी कसे, हा त्यांचा मुद्दा. शिवाय हे पेटंट मुळात द्यायलाच नको होतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम कॉनर यांनी १९८७ मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले आणि १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. ओटा उंच करा नाहीतर अंगण खोल करा, पायरी तेवढीच होते. निकालाचं सार असंच होतं. काम तेच, रीत जवळपास तीच, फळही तेच.

आमच्यात यावरून वाद झाला. काही जणी म्हणाल्या, न्याय झाला. एक मैत्रीण म्हणाली, बांध जिथे लिहिलाय तिथेच धरायला हवा, नाहीतर शेजाऱ्याने नांगर कुठवर न्यायचा? तिचं म्हणणं आम्हाला अजून खोडता आलेलं नाही.

तेव्हा अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं. म्हणजे १९८९ च्या मे महिन्यात, वरच्या न्यायालयाचा निकाल नुकताच लागलेला असताना, तारेचं पेटंट संपलं आणि तो दावा सगळ्यांसाठी खुला झाला. आज छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजमध्येही काचेची तार ओढली जाते.

काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. पेटंटवाल्या तिघांना ते मिळालं नाही, त्यांना अमेरिकेने २००० साली आपलं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं. काओ यांना तोवर स्मृतिभ्रंश झाला होता, भाषण करणं त्यांना शक्य नव्हतं. स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने त्यांच्या पत्नी ग्वेन काओ उभ्या राहिल्या, स्वतः इंजिनिअर असलेल्या, आणि काचेच्या तारेची गोष्ट त्यांनी सांगितली.