शिवलेली जहाजे

ठाण्याच्या चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांची कथा आपल्याला परिचित आहे. एप्रिल १३२१ मध्ये थॉमस ऑफ टोलेंटिनो व त्यांच्या सोबत्यांनी येथे प्राणार्पण केले. परंतु त्या काळी या खाडीत येणारी जहाजे कशी होती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

हुतात्म्यांचे सहप्रवासी फादर जॉर्डन यांनी त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. हिंदुस्थानातील जहाजे मोठी असली तरी ती लोखंडाने नव्हे, तर सुई व दोऱ्याने जोडलेली असतात. आत इतके पाणी शिरते की माणसांना ते सतत उपसावे लागते, असे ते सांगतात. त्यांच्या मागोमाग आलेले फादर ओडोरिक होर्मुझहून अशाच जहाजाने २८ दिवसांत ठाण्यास पोहोचले. त्यांनाही त्यात लोखंड आढळले नाही. हे वाचून आम्हीही पुष्कळ दिवस असेच समजत होतो की, ही ओबडधोबड कारागिरी असावी.

हा समज एका बुडालेल्या जहाजाने दूर केला. १९९८ साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एक व्यापारी जहाज सापडले. त्यात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तारीख होती. जहाजाच्या फळ्या कडेला कड भिडवून, त्यांना छिद्रे पाडून, दोराने शिवलेल्या होत्या. फळ्या आफ्रिकेतील लाकडाच्या, तर आडव्या तुळया सागाच्या. साग आफ्रिकेत किंवा अरबस्तानात नैसर्गिकरीत्या उगवत नाही. तो भारतातून गेला असावा, असे अभ्यासक मानतात. सहाव्या शतकात कल्याण बंदरातून लाकूड परदेशी जात असल्याची नोंद कॉस्मस या ख्रिस्ती प्रवाशाने केली आहे, हे येथे आठवते.

परंतु खरा बोध शिवणीतून होतो. तिचा दोर आग्नेय आशियातील वनस्पतीचा असावा, असे तज्ज्ञांना आढळले. म्हणजे जहाज मायदेशापासून दूर पुन्हा शिवले गेले असावे! खाऱ्या पाण्यात दोर कुजतो, हे या बांधणीचे वैगुण्य खरे. पण जुनी शिवण उसवून, त्याच फळ्या नव्या दोराने पुन्हा जोडता येतात. त्यासाठी लोहाराची भट्टी लागत नाही. दोर आणि जाणते हात मिळतील तो कोणताही किनारा पुरतो. शिवाय वाळूवर आदळले तरी असे जहाज तडकत नाही. ते थोडे लवते व सावरते.

ही विद्या पुरती लोपलेली नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

फादर ओडोरिक येथून हुतात्म्यांचे अवशेष घेऊन चीनला गेले. त्यांची नावे आपण भक्तिभावाने जपली. मात्र ज्यांनी अशी जहाजे शिवली, गळताच पुन्हा शिवली, त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापाशी नाही. त्यांची साक्ष केवळ लाकडात व दोरात उरली आहे. आपल्या इतिहासात त्यांनाही स्थान असावे, असे आम्हांला वाटते.