भरण-दाब आणि निष्कास-दाब : १९७७ ते १९८८ या कालखंडाचा फेरविचार

फॉर्म्युला वन शर्यतींच्या इतिहासांत टर्बोचार्जरचे युग म्हणजे केवळ वाढत्या अश्वशक्तीचे युग, असा समज रूढ आहे. प्रस्तुत टिपणात ह्या समजाचा फेरविचार करावयाचा आहे.

अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे एकस्व घेतले, ती मुळात साधी होती. एरवी वाया जाणाऱ्या निष्कास-वायूवर टर्बाइन फिरवावयाचे व त्याच्या बळावर संपीडकाकरवी सिलिंडरांत अधिक हवा भरावयाची. परंतु हे दान फुकटचे नव्हे. टर्बाइनच्या अडथळ्यामुळे निष्कास-मार्गात दाब साचतो, आणि दट्ट्याला त्याविरुद्ध जळालेला वायू बाहेर लोटावा लागतो. टर्बाइन लहान असेल तर ते त्वरित वेग घेते, पण इंजिन जलद फिरू लागताच हा उलटा दाब डोईजड होतो. मोठे असेल तर उलटा दाब उतरतो, पण शक्ती विलंबाने येते. भरण-दाब व निष्कास-दाब यांचा मेळ घालणे, हीच या विद्येची खरी कसोटी होय.

१९६६ पासूनच्या नियमांनुसार साध्या इंजिनास ३ लिटर, तर अतिभरित इंजिनास १.५ लिटर क्षमतेची मुभा होती. १९७७ साली रेनोने सिल्व्हरस्टोन येथे एका टर्बोचार्जरची गाडी उतरविली. तेव्हा विलंबाचा दोष ठळकपणे दिसला. १९७९ मध्ये एका मोठ्या टर्बोचार्जरऐवजी दोन लहान बसविण्यात आले, आणि त्याच वर्षी दिजाँ येथे जाबुईने टर्बो-इंजिनाचा पहिला विजय मिळविला.

पुढे नियामकांनी दाबावरच बंधन घातले. निरपेक्ष भरण-दाबाची मर्यादा १९८७ साली ४ बार, तर १९८८ साली २.५ बार ठरली. शिवाय टर्बो-गाड्यांना त्या वर्षी प्रत्येक शर्यतीस १५० लिटरच इंधन मिळे, ३.५ लिटरच्या साध्या इंजिनांना असे बंधन नव्हते. तरीही त्या वर्षीच्या सर्व १६ शर्यती टर्बो-इंजिनांनीच जिंकल्या : मॅक्लारेन-होंडाने १५ व फेरारीने १.

या यशात सेना व प्रॉस्त यांचे कौशल्य आणि गाडीची घडण यांचाही वाटा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु इंजिनापुरते पाहता कारण स्पष्ट आहे. भरण-दाब उतरल्याने अकाली स्फोटाचे भय ओसरले, व होंडास संपीडन-गुणोत्तर ९.४ पर्यंत नेता आले. वरचा दाब नियमाने बांधला गेल्यावर ज्वलन सुधारणे व उलटा दाब घटविणे, हेच मार्ग उरले होते.

१९८९ साली टर्बो-इंजिनांवर बंदी आली. २०१४ मध्ये ती परतली, तीही प्रत्येक शर्यतीस १०० किलोग्रॅम इंधनाच्या अटीवर. तेव्हा या युगाचा वारसा अमर्याद शक्ती हा नसून मर्यादेतील काटकसर हा आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.