इंदापूरची समाधि आणि सुप्याचें पोस्त

आमच्या वर्गांत एकदां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "शहाजीराजांचें शिवाजीमहाराजांवर प्रेम होतें काय?" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों आणि तहाचीं कलमें पुढें सांगूं लागलों. परंतु घरीं आल्यावर तो प्रश्न कांहीं मनांतून जाईना. याचें उत्तर पुराव्यानिशीं द्यावयाचें तर तें कोठून द्यावें? आमच्या दप्तरांत सनदा आहेत, महजर आहेत, ताकीदपत्रें आहेत. मुलगा बापास 'तीर्थरूप' लिहितो, बाप मुलास 'चिरंजीव' लिहितो. परंतु मायने हे ठरलेले असतात, आणि मायना संपतांच घोडीं, रसद आणि वसूल यांचा मजकूर सुरू होतो. बापाच्या कडेवर बसलेलें मूल आमच्या इतिहासाच्या कागदांत जवळजवळ दिसतच नाहीं.

तरीही त्या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तर सांपडण्याजोगें आहे, आणि तें पुणें जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोंकास, बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. इंदापूरच्या उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा. दोघींचा संगम तालुक्याच्या शेवटच्या कोंपऱ्यांत नीरा-नरसिंहपुरास. पश्चिमेस कऱ्हेच्या कांठीं बारामती, आणि त्याच तालुक्यांत वायव्येस, मोरगांवच्या शेजारीं, सुपें. आज या बाजूस प्रवासी जातो तो उंसाचे मळे व कारखान्यांचीं धुराडीं पाहत. भीमाकांठचीं कित्येक जुनीं गांवें तर उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. सतराव्या शतकांत मात्र हा मुलूख निजामशाही आणि आदिलशाही यांच्या शिवेवरचा होता. शिवेवरच्या शेतकऱ्यास दोन्ही फौजांचीं घोडीं ओळखतात, असा प्रकार.

इंदापुरांत मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे आणि त्यांची समाधिही तेथें दाखवितात. मालोजी हे निजामशाहीचे सरदार. फलटणच्या निंबाळकरांची उमाबाई ही त्यांची पत्नी. पुष्कळ दिवस मूल नव्हतें. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरास नवस केला, आणि पुढें दोन मुलगे झाले तेव्हां एकाचें नांव शहाजी व दुसऱ्याचें शरीफजी ठेवलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांतील चमत्कार ज्याला मानावयाचा त्यानें मानावा. आम्हांस त्यांत महत्त्वाचें वाटतें तें नांव. शिखर शिंगणापुरास यात्रेकरूंसाठीं तळें बांधणारा शंभुमहादेवाचा भक्त आपल्या दोन मुलांत एका मुसलमान साधूचें नांव वांटून देतो, यापरतें बापाच्या उत्कंठेचें दुसरें कोणतें लेखी प्रमाण हवें? ज्याच्या दारांतून रिकाम्या हातीं परत यावें लागलें नाहीं, त्याचें नांव घरांत रोज हांक मारतांना घेतलें जावें, एवढाच त्याचा अर्थ. पुढें इ. स. १६२४ मध्यें भातवडीच्या लढाईंत शरीफजी पडले, आणि त्या नांवाचा अर्धा भाग तेथेंच संपला.

मालोजी इंदापूरच्या लढाईंत पडले. कधीं, याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं, इ. स. १६०६ पासून १६२२ पर्यंत निरनिराळीं सालें सांगण्यांत येतात. तिथींच्या वादांत सामान्य वाचकास गोडी नसते, आणि ती नसावी हेंच बरें. परंतु या वादावर एक साधी गोष्ट अवलंबून आहे. साल मागें नेलें तर शहाजी तेव्हां लहान मूल होते. साल पुढें ओढलें तर ते मिशा फुटलेले शिलेदार होते. म्हणजे बापाचा चेहरा मुलास नीट आठवत होता कीं नाहीं, तें या आंकड्यांवर ठरावयाचें आहे. 'शिवभारता'चा कर्ता कवींद्र परमानंद हा मुलें अल्पवयी होतीं आणि त्यांचा सांभाळ चुलते विठोजी यांनीं केला, असें सांगतो. विठोजींस स्वतःचे आठ मुलगे होते. आठांच्या पंक्तीस आणखी दोन पानें मांडावयाचीं, यांत अवघड कांहीं नाहीं. तीं दोन पानें आठांसारखींच वाढलीं जाणें हें अवघड असतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें अधिक विस्तारानें सांगावयास नको.

आतां शहाजीराजांच्या बापपणाकडे वळूं. इ. स. १६३६ मध्यें निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत शिरून कर्नाटकांत गेले. पुणें, सुपें, इंदापूर, बारामती हा मुलूख जहागीर म्हणून त्यांच्याकडे राहिला. बापाच्या समाधीचें गांव म्हणून त्यांनीं इंदापूर मागून घेतलें, असें लिहिण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण जहागिरी भावनेनें मिळत नसतात, वसुलाच्या हिशेबानें मिळतात, तेव्हां तो मोह आंवरिलेला बरा. एवढें मात्र खरें कीं, ज्या मातींत बाप ठेवला ती माती राजांनीं धाकट्या मुलाच्या हवालीं केली. शिवाजीमहाराज जिजाबाईंबरोबर बंगळुरास कांहीं काळ होते. मग मायलेंकरें पुण्यास आलीं आणि बाप तिकडेच राहिला. वडील मुलगा संभाजी वडिलांजवळ, धाकटा आईजवळ. घर असें दोन ठिकाणीं वांटलें गेलें तें पुन्हां एके ठिकाणीं आलें नाहीं.

इतक्या दूरच्या बापाविषयीं मुलास काय वाटत असेल, याचा पहिला पुरावा इ. स. १६४८ चा आहे. जिंजीच्या वेढ्यांत आदिलशाही सेनापति मुस्तफाखान यानें शहाजीराजांस कैद केलें. मुलानें केलेल्या बंडाबद्दल बाप ओलीस, असा तो प्रकार. शिवाजीमहाराज तेव्हां अठरा-एकोणीस वर्षांचे. इ. स. १६४९ मध्यें कोंढाणा आणि बंगळूर परत देऊन राजांची सुटका झाली. बंगळूर वडील भावानें सोडलें, कोंढाणा यांनीं. कोंढाणा पुण्याच्या उशाचा किल्ला. नव्या राज्याच्या गळ्यांतील पहिल्या कांहीं मण्यांपैकीं एक. तो काढून देतांना महाराजांस काय वाटलें, तें कोणीं लिहून ठेवलें नाहीं. दिला, एवढें आहे.

दुसरा पुरावा सुप्याचा, आणि तो याच्या अगदीं उलट दिसणारा आहे. सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता. शहाजीराजांची दुसरी पत्नी तुकाबाई, हिचे हे बंधु. म्हणजे महाराजांचे सावत्र मामा. इ. स. १६४७ मध्यें दादोजी कोंडदेव वारल्यावर जहागिरीचा कारभार महाराजांनीं स्वतः हातीं घेतला. बारामती, इंदापूरचे अंमलदार निमूट राहिले. सुप्याचे मामा मात्र नमेनात. त्यांचें म्हणणेंही कांहीं अगदींच चूक नव्हतें. आपण नेमणुकीचे, नेमणारे शहाजीराजे. त्यांचा हुकूम आल्यावांचून महाल मुलाच्या हातीं कसा द्यावा? कायद्यानें पाहतां मामांचा पक्ष बळकट होता.

इ. स. १६५६ च्या सुमारास महाराज सुप्यास गेले. सभासद सांगतो कीं, शिमग्याचें पोस्त मागावयास म्हणून गेले. पोस्त म्हणजे सणाच्या दिवशीं वडीलधाऱ्यांनीं द्यावयाची खुशाली. भाच्यानें मामाकडे पोस्त मागणें हा त्याचा हक्कच. भाच्याच्या हक्कानें दारांत पाऊल टाकिलें आणि मामास कैद केलें. तीनशें घोड्यांची पागा, द्रव्य, कापडचोपड, सगळें हातीं लागलें. मामा चाकरीस राहीनात, तेव्हां त्यांस शहाजीराजांकडे कर्नाटकांत रवाना केलें.

या प्रसंगाविषयीं आमच्या ग्रंथकारांनीं दोन मार्ग काढले आहेत. एक पक्ष म्हणतो, बापाची आंतून संमति होती, वरवरचें तें नाटक. दुसरा म्हणतो, राज्यापुढें महाराजांनीं नातें जुमानिलें नाहीं. आम्हांस दोन्ही उत्तरें घाईचीं वाटतात. मामाला कैदेंत कुजत ठेवलें नाहीं, मारिलें नाहीं. बापाकडे पाठविलें, ही गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाहीं. ज्याच्या नेमणुकीचा आधार मामा सांगत होते, त्याच्याच दारांत मामास उभें करणें, यांत तक्रारही बापापुढें, न्यायही बापाकडे, असा भाव आहे. सुपें घेतलें खरें. पण बापाचें वडीलपण मोडलें नाहीं. मामा बंगळुरास पोंचले तेव्हां तुकाबाईंच्या वाड्यांत काय बोलणें झालें असेल, त्याची कल्पना करावी आणि सोडून द्यावी. शहाजीराजांनीं सुपें परत मागितलें नाहीं.

त्याच सुमारास वडील भाऊ संभाजी कनकगिरीच्या वेढ्यांत मारला गेला होता. इ. स. १६५७ मध्यें पुरंदरावर महाराजांस पहिला मुलगा झाला, त्याचें नांव संभाजी ठेविलें. मालोजींनीं नवसाची आठवण नांवांत ठेविली, नातवानें भावाची.

इ. स. १६६४ च्या जानेवारींत शहाजीराजे होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून वारले. जिजाबाई सती निघाल्या. येथें सभासदानें एक चित्र काढलें आहे, आणि साऱ्या बखरींत त्यासारखें दुसरें नाहीं. महाराज आईच्या मांडीवर बसले, गळ्यास मिठी घातली, आणि माझा पुरुषार्थ पाहावयास आतां दुसरें कोण आहे, अशा अर्थाचें बोलून त्यांनीं तिला राहविलें. सुरत लुटून नुकताच परतलेला, तिशी ओलांडलेला पुरुष आईच्या मांडीवर बसतो! आरंभीं आम्ही म्हटलें कीं, कडेवरचें मूल आमच्या कागदांत दिसत नाहीं. तें दिसलें तर या एका ठिकाणीं. आणि तें बोलतें तेंही पाहावें. पराक्रम पाहणारे दोघे होते, त्यांतला एक गेला, असाच त्याचा अर्थ होत नाहीं काय? वर्षानुवर्षें न भेटलेला बाप दुरून पाहत आहे, ही जाणीव मुलाच्या मनांत होती, असें आम्ही या शब्दांवरून समजतों.

पुढें महाराजांनीं परमानंदास आपलें चरित्र लिहावयास सांगितलें. तो ग्रंथ आरंभ करतो तो मालोजींपासून. इंदापूर येतें तें तेथेंच. ज्या आजोबांस महाराजांनीं कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्या मरणाची हकीकत परमानंदास कोणीं सांगितली? घरांतूनच ती आली असली पाहिजे. विठोजींनीं शहाजींस, शहाजींनीं जिजाबाईंस, त्यांनीं मुलास, अशी ती तोंडातोंडीं उतरली असावी, हा आमचा तर्क. तर्क म्हणूनच वाचकांनीं तो घ्यावा. 'शिवभारत' अपुरें राहिलें, आणि इ. स. १९२७ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळानें छापीपर्यंत फार थोड्यांच्या दृष्टीस पडलें. पण इंदापूरची आठवण तोंवर त्यांत जपून होती.

बारामतीविषयीं आम्ही अजून कांहीं बोललों नाहीं. तिचा या विषयाशीं संबंध शंभर वर्षांनंतरचा आणि निराळ्या प्रकारचा आहे. बारामतीकर नाइकांच्या पदरीं रामाजीपंत पराडकर पन्हाळ्याहून आले आणि मागाहून त्यांचा मुलगा आला, तो मोरोपंत. बाप पोटासाठीं दूर गेला म्हणून मुलगा मागोमाग गेला, इतका साधा हा योग. परंतु त्यामुळें कऱ्हाकांठास मराठीचा एवढा मोठा आर्याकार लाभला. पंतांनीं शेंकड्यावर रामायणें रचलीं, आणि कुशलवांचें आख्यानही रचलें. बापास न ओळखणारीं दोन मुलें बापाचीच कथा गातात, हा त्या कथेचा गाभा. भोसल्यांच्या घरांत असा प्रसंग पंतांच्या जन्मापूर्वीं तीसएक वर्षें खरोखरीच घडून गेला होता.

राजाराममहाराज दहा वर्षांचे असतां, इ. स. १६८० मध्यें, त्यांचे वडील वारले. पुढें मोंगलांच्या वेढ्यांत जिंजीस असतांना, इ. स. १६९७ च्या सुमारास, त्यांनीं जुन्या चाकरांपैकीं कृष्णाजी अनंत सभासद यांस सांगितलें कीं, आमच्या वडिलांचें चरित्र पहिल्यापासून लिहून द्या. याच जिंजीपाशीं आजोबा कैद झाले होते. सत्ताविशीच्या राजास राज्यकारभारासाठीं हें चरित्र हवें होतें, यांत शंका नाहीं. पण दहाव्या वर्षीं बाप गमावलेल्या मुलाची ती मागणी होती, हेंही विसरूं नये. सभासद लिहूं लागला, आणि लिहितां लिहितां सुप्याशीं येऊन पोंचला.

तेथें त्याची थोडी अडचण झाली असावी. राजारामांच्या मातोश्री सोयराबाई मोहित्यांच्या. सुप्याच्या त्या संभाजी मोहित्यांचीच ती कन्या, असें सामान्यतः मानलें जातें. इ. स. १६८० मध्यें ज्यांनीं सख्ख्या भाच्याचा पक्ष सोडून वडील युवराजाचा, संभाजीराजांचा, पक्ष घेतला ते सेनापति हंबीरराव मोहिते या सोयराबाईंचे बंधु; आणि राजारामांची पत्नी ताराबाई त्या हंबीररावांची मुलगी. अशा धन्यास, तुमच्या वडिलांनीं सणाचें निमित्त करून मोहित्यांस कैद केलें, हें लिहून द्यावयाचें होतें. एखादा हुजऱ्या तें वगळून पुढें गेला असता. सभासदानें पोस्त लिहिलें, पागा लिहिली, आणि मोहित्यांस 'मामा' म्हणूनच लिहिलें.